माफी कुणाकडे मागायची?

भोसरी, तळवडे, चाकण भागातल्या कारखान्यांत चौकशी अधिकारी म्हणून बसण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. कामगारावर आरोपपत्र निघालं की व्यवस्थापनाचं आणि त्याचं, दोघांचंही ऐकायचं, साक्षी नोंदवायच्या, उलटतपासणी होऊ द्यायची आणि आरोप सिद्ध होतो की नाही एवढ्यापुरता अहवाल लिहायचा. पूर्वी आरोप ठरलेले असायचे. विनापरवाना गैरहजेरी, लाईन बंद पाडणं, सुपरवायझरच्या अंगावर धावून जाणं, गेटवर झडतीत मटेरियल सापडणं. मग डेटा स्वस्त झाला, प्रत्येक खिशात कॅमेरा आला आणि आरोपपत्रांना स्क्रीनशॉट जोडले जाऊ लागले. शॉप फ्लोअरवर काढलेल्या रीलमध्ये मागे बाजारात न आलेल्या गाडीचा भाग दिसतो. शिफ्टच्या ग्रुपवर कुणी महिला सहकाऱ्याचा फोटो टाकून खाली घाणेरडं लिहितो. कुणी रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत जातीवरून काहीतरी खरडतो आणि सकाळी गेटवर पन्नास माणसं उभी असतात.

यातलं एक प्रकरण सविस्तर सांगतो. ते चौकशीसाठी माझ्यासमोर आलंच नाही, कारण तो मुलगा ठेक्यावर होता. कायम कामगाराला आरोपपत्र मिळतं, ठेक्यावरच्या मुलाचा बहुतेक वेळा नुसता गेटपास बंद होतो. त्याचे मामा माझ्या जुन्या ओळखीचे, म्हणून ते त्याला घेऊन घरी आले. कुणाची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील मी बदलले आहेत.

मुलगा बीड जिल्ह्यातला, आयटीआय झालेला, महाळुंगेच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागलेला. खराबवाडीला एका खोलीत पाच जण राहायचे. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर चाकण-तळेगाव रस्त्यावर त्याला गर्दी दिसली. एक दुचाकीस्वार रक्ताच्या थारोळ्यात पडला होता, बाजूला एक पिकअप तिरपी उभी होती आणि तिचा ड्रायव्हर घाईघाईनं दार उघडत होता. यानं फोन काढला, पिकअपचा नंबर आणि ड्रायव्हरचा चेहरा दिसेल असा व्हिडिओ घेतला आणि वर लिहिलं, ‘हाच तो. उडवून पळत होता. सोडू नका याला.’ स्टेटसला लावला, इन्स्टाग्रामवर टाकला, गावाकडच्या आणि रूमवरच्या ग्रुपवर पाठवला. धडक त्यानं पाहिलेली नव्हती. गर्दीत कुणीतरी म्हणालं, ते यानं लिहिलं.

रात्रीतून तो व्हिडिओ खेड आणि मावळ तालुक्यांतल्या कितीतरी ग्रुपवर फिरला. सकाळी पिकअपची पुढची काच फोडलेली होती. ज्या ट्रान्सपोर्टरकडे ती गाडी लावलेली होती त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, प्रकरण मिटेपर्यंत येऊ नका. दोन दिवसांनी रस्त्याकडेच्या एका हॉटेलचं सीसीटीव्ही फुटेज बाहेर आलं. धडक देऊन निघून गेला होता तो एक कंटेनर. पिकअपवाला मागून आला होता, थांबला होता आणि जखमीला गाडीत घालण्यासाठी दार उघडत होता.

आता गर्दी फिरली. ज्यांनी काल ‘सोडू नका’ लिहिलं होतं तेच आज या मुलाच्या मागे लागले. त्याच्या प्रोफाईल फोटोत गळ्यातली कंपनीची पट्टी दिसत होती, त्यावरून कंपनी शोधली गेली, कारखान्याच्या रिसेप्शनला फोन सुरू झाले. त्याची बहीण नर्सिंग शिकत होती, तिच्या खात्यावर जाऊन लोकांनी लिहू नये ते लिहिलं. ठेकेदारानं फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. रूमवरच्या एका मुलानं त्याला हळूच सुचवलं, तू थोडे दिवस गावाला जा, इथं सगळ्यांनाच त्रास होईल.

अशा वेळी माणूस काय करतो हे मी अनेक प्रकरणांत पाहिलंय, यानंही तेच केलं. आधी पोस्ट काढली, मग खातं बंद केलं, मग फोनच बंद केला. दोन दिवसांनी मित्रांच्या सांगण्यावरून फोन उघडला आणि हात जोडून माफीचा व्हिडिओ केला. ‘माझ्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर माफी मागतो.’ त्यात ड्रायव्हरचा उल्लेख नव्हता, कंटेनरचा नव्हता, आपण धडक पाहिली नव्हती हेही नव्हतं. त्या व्हिडिओला आधीपेक्षा जास्त शिव्या पडल्या. माझ्याकडे आला तेव्हा त्याचा प्रश्न एकच होता. “काका, लोक कधी शांत होतील?”

मी त्याला विचारलं, “तू ड्रायव्हरला भेटलास का?”

तो गप्प. इतक्या दिवसांत ते त्याच्या मनातही आलं नव्हतं. हजारो अनोळखी लोकांची मनधरणी करायला तो धडपडत होता आणि ज्या एका माणसाचं त्यानं खरोखर नुकसान केलं होतं त्याचं नावही त्याला माहीत नव्हतं. या विषयात मला जे म्हणायचंय त्याचं मूळ इथंच आहे. चुकीच्या पोस्टनंतर उठणारा गदारोळ आणि त्या पोस्टची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गदारोळाचं समाधान कुणालाच करता येत नाही, कारण तिथं समाधान करून घेणारा कुणी एक माणूस नसतो. जबाबदारीला मात्र पत्ता असतो.

तो पत्ता मोशीत निघाला. मामा, तो आणि मी गेलो. दोन खोल्या, बाहेर काच नसलेली पिकअप. मुलगा दारातच पायांवर वाकायला लागला, तर ड्रायव्हरनं त्याला खांद्याला धरून उभं केलं. म्हणाला, “माफी राहू दे. मला ट्रान्सपोर्टरनं घरी बसवलाय. त्याला फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर.” आतून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, “शाळेच्या ग्रुपवर पण आलं होतं ते. पोरीला वर्गात विचारलं, तुझ्या पप्पांनी माणूस मारला का. तिथं कोण सांगणार आता?”

मुलानं फोन लावला. आवाज कापत होता, पण त्यानं ट्रान्सपोर्टरला सरळ सांगितलं की व्हिडिओ मी टाकला, धडक मी पाहिली नव्हती, या काकांची काही चूक नाही. मग आम्ही तिथंच बसून चार ओळींचा मजकूर तयार केला. अमुक तारखेचा माझा व्हिडिओ चुकीचा होता. धडक कंटेनरची होती. या पिकअपच्या ड्रायव्हरनं थांबून जखमीला मदत केली. मी धडक पाहिलेली नव्हती, ऐकलेलं लिहिलं. ज्या ज्या ग्रुपवर माझा व्हिडिओ गेला तिथं हे पाठवा. त्याच्या गावच्या ग्रुपपासून ड्रायव्हरच्या मुलीच्या शाळेच्या पालक ग्रुपपर्यंत, जिथं पोचवता आलं तिथं ते पोचवलं. काचेचे पैसे त्यानं हप्त्यानं दिले. पोलीस ठाण्यात जाऊन, आपण काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, हे लेखी दिलं. ट्रान्सपोर्टरनं गाडी परत लावून घेतली. समाजमाध्यमांवरच्या शिव्या त्यानंतरही काही दिवस येत होत्या, पण त्या मुलाची झोप परत आली होती.

यातून मी जे शिकलो ते कुणाच्या घरात असा प्रसंग आला तर उपयोगी पडावं म्हणून लिहितो. माफीत ‘असतील तर’ हे शब्द येता कामा नयेत. नुकसान झालेलं असतं, ते कुणाचं झालं हे माहीत असतं, मग शंका कशाची? काय चुकलं हे नेमकं सांगा, खरं काय हे सांगा, आणि भरपाई म्हणून काय करणार तेही सांगा. जिथं खोटं गेलं तिथंच खरं जायला हवं. आपल्या खात्यावर दुरुस्ती टाकून गावच्या ग्रुपवर गप्प बसणं म्हणजे अर्धं काम. पोस्ट लगेच काढावी, पण काढण्याआधी ती, तिची वेळ आणि खालच्या प्रतिक्रिया यांची प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढे पोलिसांत किंवा कंपनीच्या चौकशीत नेमकं काय लिहिलं होतं हा प्रश्न येतो आणि दुसऱ्यानं जपलेला अर्धवट स्क्रीनशॉट तुमच्या विरोधात उभा राहतो. चौकशी सुरू झाल्यावर मात्र फोनमधलं काहीही वकिलाला विचारल्याशिवाय पुसू नये.

आपण चुकलो म्हणून मिळतील त्या धमक्या सोसायच्या, असंही नाही. त्या मुलाच्या बहिणीला आलेले मेसेज आम्ही वेगळे जपून ठेवले आणि त्यांची तक्रार दिली. तिनं काहीच केलेलं नव्हतं. आणि अशा दिवसांत त्या माणसाला खोलीत एकटं सोडू नये. फोन बंद करून भिंतीकडे तोंड करून पडलेला मुलगा ‘बरा आहे’ म्हणतो, त्यावर विसंबू नये. सरकारची टेली-मानस ही मानसिक आधाराची सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. रूमवरच्या मुलांनी हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा असं मी आता सगळीकडे सांगतो.

कायद्याची भीती दोन्ही टोकांची दिसते. काहींना वाटतं काहीच होत नाही, काहींना वाटतं आता आयुष्य संपलं. आपल्याच महाराष्ट्रानं या बाबतीत बरंच भोगलंय. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, तेव्हा पालघरच्या एका तरुणीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारला आणि दुसरीनं त्याला ‘लाईक’ केलं. दोघींना अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पुढे प्रकरण मागे पडलं, आणि श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलम घटनाबाह्य ठरवलं. पण ते कलम गेलं म्हणजे सगळं माफ झालं, असं नाही. मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळे यांनी शरद पवारांविषयीची, दुसऱ्या कुणाच्या नावानं फिरणारी कविता आपल्या खात्यावर टाकली. वेगवेगळ्या ठाण्यांत गुन्हे दाखल झाले आणि महिन्याहून अधिक काळ त्या कोठडीत होत्या. ती शिक्षा त्या मजकुराच्या मानानं फार होती, असं माझं मत आहे. तरीही ‘मी फक्त पुढे पाठवलं’ या सबबीवर विसंबू नका, हे मुलांना सांगताना मला हे उदाहरण द्यावं लागतं.

आपल्या शहरापुरतं बोलायचं तर २०२२ च्या सुरुवातीला थेरगाव परिसरातल्या एका मुलीच्या रील्सवरून वाकड पोलिसांनी गुन्हा दाखल करून तिला अटक केली. रील्समध्ये शिवीगाळ होती, धमकीची भाषा होती. कारवाई व्हायला हवीच होती. पण ती मुलगी जेमतेम सज्ञान होती आणि त्यानंतर कित्येक दिवस वाहिन्यांनी तिचा चेहरा आणि त्याच रील्स पुन्हा पुन्हा दाखवल्या. जे पाहू नये म्हणून गुन्हा दाखल झाला, ते घराघरांत पोचलं. कोयता हातात घेऊन रील करणाऱ्या पोरांबद्दलही तेच. पोलीस त्यांना पकडतात, ते योग्यच. मग कॅमेऱ्यासमोर हात जोडलेला त्यांचा व्हिडिओ फिरतो आणि त्याखाली गर्दी हसते. ज्यांना घाबरवलं होतं त्या दुकानदाराला किंवा गल्लीतल्या त्या कुटुंबाला यातलं काय मिळालं, हे कुणी विचारत नाही.

पोलिसांचं बोलावणं आलं तर काय, हेही सांगायला हवं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक ही नित्याची बाब नसावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्णेश कुमार खटल्यात सांगितलंय. अशा प्रकरणांत आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देता येते. ती आली तर पळू नका, गावाला जाऊ नका. नोटिशीचं पालन करणाऱ्याला त्या गुन्ह्यासाठी एरवी अटक होत नाही. करायची तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात. ठरल्या वेळी वकिलासह जा, जे खरं ते सांगा, फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. ग्रुपचे ॲडमिन असलेले अनेक जण घाबरून मला फोन करतात. त्यांच्यासाठी एवढंच, की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन असल्यामुळे कुणी गुन्हेगार ठरत नाही. त्यात आधीपासून ठरवून सामील असेल तर गोष्ट वेगळी.

एका विषयात मात्र दयामाया नाही आणि नसावीही. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीचं नाव, फोटो, गाव, शाळा, ओळख पटेल असं काहीही टाकणं हा गुन्हा आहे. ‘न्याय मिळवून द्या’ म्हणून टाकलं तरी गुन्हाच. अशी घटना घडली की आपल्या भागातल्या ग्रुपवर पहिल्या तासात तिचा फोटो येतो, आणि टाकणाऱ्याला आपण चांगलं काम करतोय असं वाटत असतं.

आता कारखानदारांकडे आणि कॉलेजवाल्यांकडे वळतो, कारण जबाबदारी त्यांचीही आहे. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीनं ऑपरेशन सिंदूरवरची दुसऱ्याची पोस्ट आपल्या खात्यावर पुन्हा टाकली. धमक्या आल्या, तिनं दोन तासांत ती काढली आणि माफी मागितली. तरी अटक झाली, आणि कॉलेजनं तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढून टाकलं. २७ मे रोजी उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू देण्यास सांगितलं. त्या न्यायमूर्तींनी सरकारला आणि कॉलेजला सुनावलं ते मी दोनदा वाचलं. आधी ऐकून घ्यायचं आणि मगच शिक्षा ठरवायची, हे तत्त्व आमच्या क्षेत्रात जुनं आहे. आरोपपत्र द्या, उत्तराला वेळ द्या, सहकाऱ्याला बचाव प्रतिनिधी म्हणून बसू द्या, मग निर्णय घ्या. निलंबित करायचं तर कायद्यानं पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता द्यावा लागतो. हे सगळं कायम कामगाराच्या वाट्याला येतं. लाईनवर त्याच्या शेजारी तेच काम करणाऱ्या ठेक्याच्या मुलाला मात्र एका फोनवर बाहेर काढलं जातं, आणि तेही बहुतेक वेळा कंपनीच्या नावाचा समाजमाध्यमांवर उल्लेख झाला म्हणून, त्यानं काय केलं हे तपासून नव्हे.

चाकणच्या व्यवस्थापकांना मी विनंती करतो. फोन खणखणू लागले की त्या दिवशी पास बंद करू नका. मुलाला समोर बसवा. पोस्ट त्याचीच का, खातं त्याच्याच हातात होतं का, कुणाचं नुकसान झालं आणि त्यानं ते भरून काढायला काय केलं, एवढं विचारून कागदावर घ्या. दोषी असेल तर शिक्षा द्या, कडक द्या, पण ती चुकीच्या मापाची असू द्या, आवाजाच्या मापाची नको. इथं कामाला येणारी मुलं लातूर, यवतमाळ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली असतात. नोकरी गेली की खोली जाते, खोली गेली की शहर सुटतं. आणि पुढच्या ठिकाणी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात तेव्हा एक दाखल झालेला गुन्हा वर्षानुवर्षं आडवा येतो, मग पुढे निकाल काहीही लागो.

राहिले ते लोक ज्यांनी पिकअपचा तो व्हिडिओ पुढे पाठवला. असं पुढे पाठवणं कुठवर जातं, ते आपण पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. ती मंगळवेढ्याकडून भिक्षेला आलेली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा राज्यभर येत होते, आपल्या भागातही येत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घालायचं ठरवलं. मारणाऱ्यांवर खटला चालला. ते मेसेज पुढे ढकलणाऱ्या लाखो लोकांना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नसावं.

मोशीच्या ड्रायव्हरच्या बाबतीत मी हे जवळून पाहिलं. मुलानं दुरुस्तीचा मजकूर पाठवला तेव्हा कित्येक ग्रुपवर तो एका ‘ठीक आहे’वर थांबला. ज्यांनी खोटा व्हिडिओ दहा ठिकाणी नेला होता त्यांनी खरा मजकूर एका ठिकाणीही नेला नाही. त्यातल्या काहींना मामांनी स्वतः फोन केले. एक जण म्हणाला, “मी कुठं काय केलं? आलं ते पाठवलं.” दुसऱ्यानं मात्र गप्प ऐकून घेतलं, फोनमध्ये मागे जाऊन आपण कुठं कुठं पाठवलं होतं ते शोधलं आणि त्या प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती टाकली. शाळेच्या पालक ग्रुपवर तो व्हिडिओ त्यानंच नेला होता. त्यानं वर्गशिक्षिकांना फोन करून, मुलांसमोर एकदा सांगाल का, अशी विनंतीही केली. बाईंनी सांगितलं.

आलेला नंबर, चेहरा, नाव तुम्ही पुढे पाठवलं असेल आणि नंतर ते खोटं निघालं असेल, तर फोन उघडून तेवढंच करा. कुठं पाठवलं ते शोधा आणि तिथं जाऊन खरं लिहा. त्या माणसाच्या कामाच्या ठिकाणी पोचलं असेल तर तिथंही फोन करा.